बारा वर्षांची मुलगी आणि तिचे जेवण

पाठाचा भाग : मार्क ५:२१-४३
कोणासाठी : इयत्ता ६ वी ते १० वीच्या मुलामुलींमध्ये काम करणारे शिक्षक, वसतिगृह अधीक्षक व शब्बाथ शाळेचे शिक्षक



याईराच्या मुलीची गोष्ट आपण पुष्कळदा शिकवतो. मुलगी उठली, चालू लागली, इथे आपला पाठ संपतो. मार्क मात्र आणखी एक गोष्ट नोंदवतो. प्रभूने घरच्यांना तिला खायला द्यायला सांगितले. चमत्कार प्रभूने केला, जेवण वाढण्याचे काम घरच्यांकडे ठेवले. आजचा पाठ या शेवटच्या वचनावर आहे.

आमचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाते. माहेरी आलेल्या लेकीला आधी पाणी, मग भाकर, मग विचारपूस, ही रीत वऱ्हाडात कोणाला शिकवावी लागत नाही. तरी मी ज्या मुलींबरोबर हा पाठ करते, त्यांतल्या बऱ्याच जणी सकाळी उपाशीच शाळेत येतात. कोणी पारधी बेड्यावरून येते, कोणी गोंड वस्तीतून. काही कोरकू मुली मेळघाटातून शिकायला आलेल्या आहेत. परिपाठाच्या रांगेत एखादी चक्कर येऊन पडते. मग कोणी म्हणते सोंग करते, कोणी म्हणते बाहेरचे लागले.

१. रक्त कमी आहे, हे आधी ओळखा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. याच वयाच्या मुलांत हे प्रमाण १०० मागे ३१ आहे. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तिला रक्त कमी आहे असे धरतात. लवकर दम लागणे, डोके दुखणे, पापणीच्या आतली बाजू फिकी दिसणे, वर्गात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे आहेत.

वाढीचे वय, पाळी, अपुरे अन्न आणि पोटातले जंत ही मुख्य कारणे. अंकुशकृमी अनवाणी पायांतून शरीरात शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. म्हणून पायात चप्पल हवी, शौचालय हवे, आणि शाळेत वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.

याच अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आहे. वैद्यांवर सारा पैसा खर्चूनही तिला गुण आला नव्हता. ती गर्दीत मागून, लपत आली. प्रभूने तिला सर्वांसमोर मुलगी म्हणून हाक मारली आणि तिची लाज काढून घेतली. आपल्या मुली पाळीचे कापड अंधाऱ्या, ओल्या कोपऱ्यात वाळवतात. शौचालयाला कडी नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. कापड उन्हात वाळवायला दोरी आणि दाराला कडी, एवढे तर आपली मंडळी करू शकते.

२. गोळी जेवणानंतर

ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. एका शाळेमागच्या नाल्यात मी अशा गोळ्या पडलेल्या पाहिल्या. नोंदवहीत मात्र सगळ्यांच्या नावापुढे खूण होती. गोळी पहिल्या तासाला, रिकाम्या पोटी दिली जात होती. मुलींना मळमळ होई, म्हणून त्या ती फेकत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नववीत गेलेल्या मुलीचे शाळेतले जेवण बंद होते, आणि नेमके त्याच वयात शरीर जास्त मागते. म्हणून गोळीच्या दिवशी तरी तिच्या पोटात आधी काही जाईल, हे आपण पाहावे. भाकर-भाजीचा डबा, नाहीतर मूठभर फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ. अंबाडी, तरोटा, चवळी या आपल्याच भाज्या आहेत. सोबत लिंबू किंवा आवळा असला की लोह चांगले लागते. जेवणाबरोबर चहा मात्र नको. गोळीने शौच काळी होते. त्याला घाबरू नये, हे मुलींना आधीच सांगा.

३. सिकलसेलची तपासणी, आणि तीही खाजगीत

विदर्भातल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. सांधे फार दुखतात, डोळे पिवळे दिसतात, वारंवार ताप येतो. अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहगोळी देऊ नये. त्याला भरपूर पाणी द्यावे आणि थंडीत गरम कपडे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात होते. बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते; दोष दिसल्यास पक्की तपासणी करतात.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. पण दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता शंभरात पंचवीस असते. म्हणून ही माहिती लग्नाआधी हवी. वर्गात मोठ्याने निकाल वाचला, तर मुलीचे नाव गावभर होते. प्रभूने याईराच्या घरातली गर्दी आधी बाहेर काढली. आईवडील व तीन शिष्य एवढेच आत ठेवले. आपणही निकाल मुलीला आणि तिच्या आईबापालाच सांगावा.

प्रार्थना करताना तपासणी टाळू नका. याईराने प्रभूचे पाय धरले होते, आणि त्याच घरात नंतर ताटही वाढले गेले असेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील किती मुले नववी-दहावीत आहेत? ती सकाळी काय खाऊन निघतात?
२. गोळी कोणत्या वारी आणि कोणत्या तासाला देतात? मुख्याध्यापकांना भेटून वेळ बदलता येईल का?
३. आजारी मुलीबद्दल आपण काय बोलतो, आणि कोणासमोर?

या तीन महिन्यांसाठी काम : प्रत्येक मंडळीने एका शाळेत गोळीच्या दिवसापुरता फुटाण्या-शेंगदाण्यांचा डबा सुरू करावा.

प्रार्थना : प्रभू, तू ज्यांना उठवतोस, त्यांना वाढून देणारे हात आमचे असू दे. आमेन.