वसाहतीतील रस्ते आणि सार्वजनिक रहदारी

हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे गाव इचलकरंजीस लागूनच आहे. यंत्रमागाचा व्यवसाय वाढला, तशी तेथील शेतजमिनींवर वसाहत उभी राहिली. अशा गावी नव्या वसाहतीतील रस्ता हा केवळ भूखंडधारकांच्या सोयीचा विषय राहत नाही. सुताची बाचकी नेणारा टेम्पो, शाळेची मुले, रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब या सर्वांची वाट त्यावर अवलंबून असते.

रेखांकन मंजूर होताना रस्त्यांची रुंदी ठरते. डिसेंबर 2020 मध्ये अमलात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार निवासी रेखांकनात 150 मीटरपर्यंतच्या अंतर्गत रस्त्यास 9 मीटर रुंदी आवश्यक आहे. लांबी वाढते तशी रुंदीही वाढते. शेजारच्या जमिनीतील रस्त्यांशी मेळ राखावा, हाही नियोजनाचा हेतू असतो. म्हणूनच वसाहतीच्या टोकाशी भिंत घालणे किंवा हातभर पट्टी राखून पुढील वाट अडविणे हे त्या हेतूस बाधक ठरते.

तथापि, केवळ नकाशा मंजूर झाल्याने रस्त्याची मालकी आपोआप पंचायतीकडे जात नाही. त्यासाठी क्रमाने पुढील गोष्टी व्हाव्यात :

1. मोजणी करून रस्त्याच्या हद्दी जागेवर कायम कराव्यात.

2. खडीकरण व गटारे यांची पाहणी करून मगच रस्ता ताब्यात घ्यावा. अपुरे काम स्वीकारल्यास त्याचा खर्च ग्रामनिधीवर पडतो.

3. हस्तांतराचा लेख व ताबापावती घेऊन पंचायतीने ठराव करावा.

4. ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्ये, म्हणजे ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीत, लांबी-रुंदीसह नोंद घ्यावी.

सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने पंचायतीस दिला आहे. पंचायतीने कार्यवाही न केल्यास जिल्हाधिकारी ती करू शकतात. मात्र रस्ता सार्वजनिक असल्याचा पुरावा दप्तरात नसेल, तर या अधिकाराचा वापर वादात अडकतो.

रस्ता खुला झाल्यास अवजड वाहने घरांसमोरून धावतील, ही रहिवाशांची भीती अनाठायी नाही. तिचे उत्तर फाटक लावणे हे नव्हे. गतिरोधक, पदपथ आणि सक्षम अधिकाऱ्यांच्या आदेशाने अवजड वाहनांवर वेळेचे निर्बंध, हे उपाय योजता येतात. ग्रामसभेत दोन्ही बाजू ऐकून निर्णय झाल्यास तो टिकतो.

आज दप्तरात झालेली एक नोंद उद्याचे अनेक तंटे टाळील, याचे भान पंचायत सदस्यांनी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी राखावे.