घरून सर्व्हर उघडण्याआधी

चि. भाच्यास,


सुट्टीत सांगलीला गेल्यावर विभागाच्या सर्व्हरवरच्या फायली घरून कशा उघडायच्या, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पीएच.डी.चे काम सुट्टी पाहून थांबत नाही. पण वसतिगृहातल्या मित्रांनी सुचवलेली युक्ती, म्हणजे सर्व्हरवरचे शेअर्ड फोल्डर थेट इंटरनेटवर खुले करणे, मुळीच अवलंबू नकोस.

विंडोजचे शेअर्ड फोल्डर एसएमबी या प्रोटोकॉलवर चालते आणि ४४५ क्रमांकाचे पोर्ट वापरते. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये हा प्रोटोकॉल घडला, तो एकाच नेटवर्कमधल्या संगणकांसाठी. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, तो विंडोजच्या एसएमबीतल्या एका त्रुटीतून, याच वाटेने. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतली अनेक रुग्णालये अडली. तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्या त्रुटीवरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते बसवले नव्हते, ते सापडले.

यावरची एक भरवशाची वाट विद्यापीठातच तयार झाली. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड कुणीतरी चोरून टिपले. दूरच्या संगणकाशी जोडणारी टेलनेट आणि एफटीपी ही साधने त्या काळी पासवर्ड उघडाच पाठवत, त्यामुळे चोराला फारसे कष्ट पडले नाहीत. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी उपाय म्हणून एसएसएच लिहिले आणि त्याच वर्षी ते सर्वांना मोफत दिले. त्यात पासवर्डच नव्हे, सगळी देवाणघेवाण कूटबद्ध होते. फायली आणण्या-नेण्याचे एसएफटीपी त्याच पायावर उभे आहे.

दुसरी वाट व्हीपीएनची. तुझा लॅपटॉप आणि संस्थेचे गेटवे यांच्यात कूटबद्ध मार्ग तयार होतो आणि सांगलीतला लॅपटॉप जणू विभागातच असल्यासारखा सर्व्हरशी बोलतो.

व्हीपीएन आहे म्हणून निर्धास्त मात्र राहता येत नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. हल्लेखोर आत शिरले होते, ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला नुसता पासवर्ड पुरत होता. मोबाइलवरच्या कोडसारखी दुसरी पडताळणी नव्हती. पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी वाहिनी काही दिवस बंद राहिली आणि कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी दिली. म्हणून दुहेरी पडताळणी सुरू ठेव, व्हीपीएनचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नकोस आणि पदवी घेऊन बाहेर पडशील त्या दिवशी स्वतः सांगून खाते बंद करून घे.

वेगाचेही गणित समजून घे. शेअर्ड फोल्डर लांबून उघडताना लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात लहानलहान निरोपांच्या असंख्य फेऱ्या होतात. एका फेरीला ५० मिलिसेकंद लागले आणि अशा १००० फेऱ्या एकामागून एक झाल्या, तर ५० सेकंद वाट पाहण्यातच जातात. त्यापेक्षा फाइल लॅपटॉपवर उतरवून काम करावे आणि नंतर परत चढवावी. मोठ्या डेटासाठी अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचे १९९६ चे आरसिंक वापर. ते फाइलचा बदललेला भागच पाठवते. ज्यात माणसांची नावे, आजार किंवा मुलाखती आहेत, तो डेटा मात्र मार्गदर्शकांच्या परवानगीशिवाय लॅपटॉपवर उतरवू नकोस.

नियतकालिके वाचण्यासाठी कदाचित व्हीपीएनही लागणार नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘इन्फेड’ ही व्यवस्था त्यासाठीच आहे. तुझी संस्था तिची सदस्य असेल, तर संस्थेच्याच लॉगिनने घरून लेख उघडतात. ग्रंथालयात चौकशी कर.

गाडी पकडण्याच्या आठवडाभर आधी संगणक केंद्रात जा, रीतसर अर्ज करून खाते सुरू करून घे. मग वसतिगृहाचे वायफाय बंद करून मोबाइलच्या इंटरनेटवरून एकदा सर्व्हर उघडून बघ. काही अडले तर दुरुस्त करणारी माणसे तेव्हा समोर असतील.

तुझा,
मामा