मुंबईची सुहेली

सन १९६९. एप्रिल महिन्याची २२ तारीख. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील फालमथ बंदरात माणसांची दाटी झाली होती. सर्वांचे डोळे समुद्राकडे लागले होते. थोड्याच वेळात दोन डोलकाठ्यांची एक लहानशी नौका संथपणे बंदराकडे येताना दिसू लागली. तिचा पांढरा रंग ठिकठिकाणी उडाला होता आणि अंगावर गंजाचे तांबूस ओघळ उतरले होते. नौकेवर एकच माणूस होता. ऊन, वारा आणि खारे पाणी यांनी त्याचा चेहरा रापून गेला होता आणि दाढी वाढलेली होती.

जकात खात्याचे अधिकारी नौकेजवळ गेले व त्यांनी रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "कोठून आलात?"

त्या माणसाने उत्तर दिले, "फालमथहून!"

उत्तर ऐकणाऱ्याला थट्टा वाटावी. परंतु ते अक्षरशः खरे होते. १४ जून १९६८ रोजी ही नौका फालमथहून निघाली होती. सगळ्या पृथ्वीला वळसा घालून, वाटेत एकाही बंदरात न थांबता, ३१२ दिवसांनी ती फालमथलाच परत आली होती. तिच्यावर होता एकटा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. एकट्याने आणि न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातील पहिला दर्यावर्दी तो हाच. त्या नौकेचे नाव सुहेली. आणि आपल्याला विशेष कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे, ही सुहेली आपल्या मुंबईत जन्माला आलेली होती!

रॉबिन हा व्यापारी जहाजावरील एक तरुण इंग्रज अधिकारी. त्याचे जहाज मुंबई आणि इराणचे आखात यांच्या दरम्यान ये-जा करीत असे. आपली स्वतःची शिडाची नौका असावी आणि तिच्यातूनच मायदेशी परतावे, असे त्याच्या मनाने घेतले. नौकेचा आराखडा नवीन नव्हता. वादळी समुद्रात बुडत्या खलाशांच्या मदतीला जाणाऱ्या नॉर्वेमधील बळकट नौकांच्या धर्तीवर विल्यम ॲटकिन या अमेरिकन संकल्पकाने तो फार पूर्वीच तयार केला होता. ही नौका वेगाने धावणारी नव्हती. पण लाटांचे तडाखे सोसण्यात तिचा हात धरणारी दुसरी नौका विरळाच.

१९६३ व १९६४ या वर्षांत मुंबईच्या सुतारांनी ही नौका घडविली. त्यांच्याजवळ मोठी यंत्रे नव्हती. वाकस, पटाशी आणि दोरीने फिरवायचा सामता, हीच त्यांची हत्यारे. लाकूड मात्र उत्तम सागाचे वापरले होते. नौकेची लांबी ३२ फूट आणि रुंदी सुमारे ११ फूट होती. अरबी खलाशी इराणच्या आखातातील आग्नेयेच्या वाऱ्याला 'सुहेली' म्हणतात. तेच नाव तिला दिले. अरबी भाषेत अगस्त्याच्या ताऱ्याचे नावही सुहैल असेच आहे. अगस्ती ऋषींनी समुद्र प्राशन केल्याची कथा आपण ऐकलेली आहे. या सुहेलीनेही पुढे अनेक समुद्र पालथे घातले.

१९६५ च्या डिसेंबरात रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे सुहेलीतून मुंबईहून निघाले. अरबी समुद्र ओलांडून ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले. वाटेत पैसे संपले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत काम करून त्यांनी ते मिळविले. मग केप टाउनहून निघून, कोठेही न थांबता, १९६७ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले. या लांबच्या प्रवासात रॉबिनला नौकेचे गुणदोष पुरते कळून चुकले. कोणत्या वाऱ्यात कोणते शीड किती उघडावे, म्हणजे सुकाणूला हात न लावताही ती सरळ चालते, हे त्याला ठाऊक झाले. तिची कोणती फळी कुरकुरते आणि कोठला दोर घासला जातो, हे तो अंधारातही सांगू शकला असता.

त्याच वर्षी सर फ्रान्सिस चिचेस्टर हे केवळ एकदा, सिडनी येथे थांबून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आता उरले होते ते न थांबता प्रदक्षिणा करणे. लंडनच्या एका वृत्तपत्राने त्यासाठी शर्यत जाहीर केली. प्रथम परत येईल त्याला सोन्याचा गोल आणि सर्वांत कमी दिवसांत येईल त्याला ५,००० पौंड, असे दोन मान ठरले. रॉबिनला या कामासाठी नवी, मोठी आणि वेगवान नौका हवी होती. तिचा आराखडाही तयार झाला; परंतु तिच्यासाठी लागणारा पैसा काही केल्या उभा राहीना. अखेर त्याची दृष्टी आपल्या जुन्या सुहेलीकडे वळली. ती लहान होती, मंद होती, हजारो मैल हिंडून आलेली होती. पण ती त्याची स्वतःची होती आणि त्याला तिची खडान्खडा माहिती होती. रॉबिनने तिलाच सज्ज करण्याचे ठरविले.

दूरच्या सफरीसाठी नौका सज्ज करणे म्हणजे एक लहानसे घरच पाण्यावर उभे करणे होय. फरक एवढाच की, या घराला शेजार नसतो आणि जवळपास दुकान नसते. मीठ संपले म्हणून कोणाकडे मागता येत नाही आणि खिळा तुटला म्हणून लोहाराकडे जाता येत नाही. म्हणून रॉबिनने जवळजवळ वर्षभर पुरेल एवढे अन्न डब्यांत भरून घेतले. समुद्राच्या ओलाव्याने डब्यांवरील कागद सुटतात आणि पत्रा गंजतो. म्हणून कागद आधीच काढून टाकून त्याने डब्यांवर रंगाने खुणा केल्या व वरून रोगण चढविले. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, जादा शिडे, दोर, खिळे, सुया, दोरा, डांबर, तांब्याच्या चुका, औषधे, पुस्तके, नकाशे, सर्व काही त्या चिमुकल्या नौकेत बसविले. त्या काळी अशा लहान नौकांवर उपग्रहावरून ठिकाण सांगणारी साधने नव्हती. सूर्य व तारे क्षितिजापासून किती उंचीवर आहेत हे सेक्स्टंट नावाच्या यंत्राने मोजावयाचे, अचूक घड्याळात वेळ पाहावयाची आणि गणित करून आपली जागा नकाशावर शोधावयाची, हाच मार्ग होता. एकट्या माणसाला झोप तरी मिळावी म्हणून वाऱ्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणारे एक यंत्रही त्याने नौकेला जोडले.

प्रवास सुरू होऊन थोडेच आठवडे झाले होते. केप व्हर्दे बेटे मागे पडली, तोच रॉबिनच्या लक्षात आले की नौकेच्या तळाशी पाणी साचत आहे. दिवसातून दोनदा पंपाने ते उपसावे लागे. थेंबे थेंबे तळे साचते. पण नौकेत साचू लागले तर तेच तळे जीव घेते. रॉबिनने पाण्यात बुडी मारून पाहिले. पाण्याखाली सुमारे पाच फुटांवर, तळाच्या कण्यालगतच्या फळीचा सांधा उघडला होता. नौका हेलकावे खाई तसतशी ती फट लहान-मोठी होई.

बंदरात असता तर नौका कोरड्या जमिनीवर ओढून दुरुस्त करता आली असती. येथे भोवती अथांग महासागर होता. रॉबिनने श्वास रोखून बुड्या मारल्या आणि फटीत कापूस ठासण्याचा प्रयत्न केला. पण एका श्वासात काम पुरे होईना आणि ठासलेला कापूस बाहेर येई. तेव्हा त्याने युक्ती योजली. कापसाची वळकटी त्याने कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवली, पट्टीला डांबर फासले आणि पुन्हा पुन्हा बुड्या मारून तांब्याच्या चुकांनी ती फटीवर ठोकून बसविली. गोरे अंग पाण्यात लांबून दिसून शार्क येऊ नये म्हणून त्याने काळसर कपडे घातले होते. तरीही एक शार्क घिरट्या घालू लागला. रॉबिन वर आला, त्याने बंदुकीने शार्कला मारले, दुसरा येत नाही ना याची खात्री करून घेतली आणि पुन्हा पाण्यात उडी टाकली. एक बाजू झाली, मग दुसरी बाजू. पट्ट्यांवर त्याने तांब्याचा पत्राही ठोकला. गळती थांबली. या शिवणकामाचे मोल पुढील नऊ महिन्यांत त्याला पदोपदी कळले.

५ सप्टेंबर १९६८ च्या रात्री, आफ्रिकेचे दक्षिण टोक जवळ आले असता, एका प्रचंड लाटेने सुहेलीला आडवे पाडले. झोपलेल्या रॉबिनच्या अंगावर सामानाचा ढीग कोसळला. डोलकाठ्या गेल्याच असणार, अशा धास्तीने तो वर आला, तो त्या ताठ उभ्या! सुहेली सावरून पुन्हा सरळ झाली होती. परंतु खोलीचे छप्पर जागचे सरकले होते आणि भेगांतून पाणी आत येत होते. आणखी एखादी तशीच लाट आली असती तर छप्परच उडून गेले असते. रॉबिनने खिळे आणि बोल्ट ठोकून छप्पर पक्के केले. त्यानंतर जणू संकटांची रांगच लागली. टाक्यांतील पाणी नासले. तेव्हा पावसाचे पाणी धरून तो तहान भागवू लागला. रेडिओवरून संदेश पाठविणे बंद पडले. शिडे फाटली, ती त्याने हाताने शिवली. एकदा शिवताना त्याच्या मिशाच टाक्यात अडकल्या आणि कात्री हाताशी नसल्यामुळे त्याला डोके हिसकून त्या तोडाव्या लागल्या!

ऑस्ट्रेलियाच्या जवळ सुकाणू सांभाळणारे यंत्रही कायमचे मोडले. हाकेच्या अंतरावर मेलबर्न बंदर होते. तेथे थांबले की गरम जेवण आणि कोरडे अंथरूण मिळणार होते. मात्र शर्यत संपणार होती. पुढे निम्म्याहून अधिक पृथ्वी बाकी होती. रॉबिनने विचार केला. यंत्र नवे होते, ते मोडले. पण शिडे नीट लावली की सुहेली आपण होऊन सरळ चालते, ही ओळख तर जुनी होती. तो पुढे निघाला.

न्यूझीलंडचा किनारा मागे पडल्यानंतर साडेचार महिने जगाला त्याची काहीच वार्ता नव्हती. १७ जानेवारी १९६९ रोजी त्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे भयंकर हॉर्न भूशिर ओलांडले, हेही कोणाला कळले नाही. एप्रिलच्या प्रारंभी अझोर्स बेटांजवळ त्याला एक तेलवाहू जहाज दिसले. त्याने दिव्याची उघडझाप करून आपले नाव कळविले आणि रॉबिन जिवंत असल्याची बातमी इंग्लंडला पोहोचली.

या शर्यतीत नऊजण उतरले होते. कित्येकांच्या नौका सुहेलीहून मोठ्या किंवा वेगवान होत्या. पण शर्यत पुरी केली ती एकट्या सुहेलीने. कोणी माघार घेतली, कोणाची नौका फुटली आणि डोनाल्ड क्राउहर्स्ट नावाचा स्पर्धक समुद्रावर नाहीसा झाला. दोन्ही बक्षिसे रॉबिनलाच मिळाली. त्यांपैकी ५,००० पौंडांची रक्कम त्याने क्राउहर्स्टच्या पत्नीला आणि मुलांना देऊन टाकली. समुद्रावर एकटा राहिलेला हा माणूस माणुसकीला मात्र दुरावला नव्हता.

सुहेली आजही आहे. काही वर्षे ती ग्रीनिच येथील संग्रहालयात ठेवली होती. परंतु तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. तेव्हा रॉबिनने तिला बाहेर आणले आणि तिचे गंजलेले लोखंडी खिळे काढून नवे बसविले. २०१८ साली, प्रस्थानाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, सुहेली पुन्हा फालमथच्या पाण्यावर डौलाने तरंगली. त्याच वर्षी भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांनी जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी जी नौका नेली, तीही सुहेलीच्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली होती. हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या व टॉमी जबर जखमी होऊन बचावले. समुद्र कोणत्याही नौकेला अभय देत नाही, हेच खरे.

'जुने ते सोने' अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु ती आपोआप खरी ठरत नाही. सुहेली जुनी होती म्हणून तरली नाही. मुंबईच्या सुतारांनी तिची प्रत्येक फळी मन लावून बसविली होती आणि तिच्या धन्याने प्रत्येक सांध्याची वेळीच निगा राखली होती, म्हणून ती तरली. आपल्या घरातील जुनी सायकल असो, विहिरीवरील रहाट असो किंवा आजोबांचे घड्याळ असो. जो त्या वस्तूला ओळखतो आणि वेळेवर तिची दुरुस्ती करतो, त्याच्याच हाती जुन्याचे सोने होते.

स्वाध्याय

१. जकात अधिकाऱ्यांना रॉबिनने दिलेले उत्तर थट्टेचे का वाटले असते? ते खरे कसे होते?
२. नवी नौका मिळाली नाही, तरी सुहेलीवर विसंबावे असे रॉबिनला का वाटले?
३. नौकेची गळती रॉबिनने कशी थांबविली, ते क्रमाने आपल्या शब्दांत लिहा.
४. मेलबर्नजवळ रॉबिनच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? का?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मनाने घेणे, खडान्खडा माहिती असणे, पालथे घालणे, हात न धरणे, निगा राखणे.
६. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी घरच्या वडील मंडळींकडून माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.