चुनखडीच्या गावातून एस्टोनियाला : परदेश सहलीचे आर्थिक नियोजन

भिलाई इस्पात कारखान्याला चुनखडी पुरविणारी खाण ही दुर्ग जिल्ह्यातील नंदिनीची जुनी ओळख. या खाणीच्या आधाराने वसलेल्या नंदिनी नगरात आणि एकूणच भिलाई-दुर्ग परिसरात नोकरीच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. भिलाईच्या उभारणीसाठी १९५५ साली भारताने सोव्हिएत संघाशी करार केला, तेव्हा बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया हा चिमुकला देश त्या संघाचाच भाग होता. २० ऑगस्ट १९९१ रोजी त्याने आपले स्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित केले आणि पुढच्याच वर्षी चुनखडीला राष्ट्रीय दगडाचा मान दिला. राजधानी टाल्लिनचा जुना तट आणि बुरूज याच दगडाचे आहेत. आयुष्य चुनखडीच्या सान्निध्यात घालविलेल्या निवृत्त दांपत्याला हा देश पाहावासा वाटला, तर त्यात नवल नाही.

परंतु अशा सहलीसाठी लागणारा पैसा बहुधा निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून येतो. तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेचे ते फळ असते आणि ते दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून या नियोजनाचे मुख्य सूत्र एकच : जो पैसा परत मिळण्याची शक्यता नाही, तो सर्वांत शेवटी खर्च करावा.

काळ आणि मार्ग

एस्टोनियाचे क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे छत्तीसगडच्या साधारण एक-तृतीयांश आहे. लोकसंख्या चौदा लाखांच्या आत आहे. त्यामुळे आठ दिवसांत टाल्लिन, १६३२ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे टार्टू आणि सारेमा बेट निवांतपणे पाहून होते. टाल्लिनचे जुने शहर १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

जूनमध्ये तेथे दिवस अठरा तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरात जेमतेम सहा तासांचा. म्हणून मे ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. मात्र २३ व २४ जून या सणाच्या सुट्ट्यांत अनेक दुकाने बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. नंदिनीला विमानपट्टी असली, तरी प्रवाशाला रायपूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठूनच पुढे जावे लागते. हेलसिंकीपर्यंत विमानाने जाऊन तेथून सुमारे दोन तासांच्या बोटीने टाल्लिनला उतरणे, हाही एक सुखद पर्याय आहे.

सहलीचा निधी

उदाहरणादाखल दोघांच्या सहलीचा अंदाज चार लाख रुपये धरू. त्यासाठी मुदत ठेव मोडण्याची घाई करू नये, कारण मुदतीपूर्वी रक्कम काढल्यास व्याजाची हानी होते. दोन वर्षे आधी विचार सुरू केल्यास दरमहा १६ हजार रुपयांची आवर्ती ठेव पुरेशी ठरते. २४ हप्त्यांचे मुद्दल ३ लाख ८४ हजार होते. सुमारे सहा टक्के व्याज धरल्यास मुदतीअखेर रक्कम चार लाखांच्या पुढे जाते. निवृत्तीच्या मूळ पुंजीला हात लागत नाही आणि दरमहा एवढी रक्कम बाजूला निघत नसेल, तर सहल तूर्त पुढे ढकलावी, हेही वेळेवर कळते.

विनिमय दरातील चढउताराची तरतूद मात्र वेगळी हवी. हिशोबाच्या सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा मानला, तर ३,००० युरोंना तीन लाख रुपये लागतात. तोच दर १०८ झाल्यास २४ हजार रुपये अधिक मोजावे लागतील. एकूण अंदाजाच्या दहा टक्के रक्कम यासाठी राखून ठेवावी.

व्हिसा

एस्टोनिया २००७ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. या क्षेत्रातील अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. सहलीत फिनलंडचाही समावेश असेल, तर ज्या देशात अधिक दिवस मुक्काम आहे त्याच्याकडे अर्ज करावा. दोन्हीकडील दिवस सारखे असल्यास प्रथम प्रवेश होणाऱ्या देशाकडे करावा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी दाखल व्हावा लागतो. निर्णयास सामान्यतः १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा अनिवार्य आहे. ज्येष्ठांनी पॉलिसी घेताना जुन्या आजारांविषयीची अट अवश्य वाचावी.

अर्जासोबत बँक खात्याचा उतारा जोडावा लागतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून उसनी आणलेली मोठी रक्कम खात्यात भरल्याने पत वाढत नाही, उलट शंका निर्माण होते. नियमित जमा होणारे निवृत्तिवेतन आणि चालू असलेली आवर्ती ठेव अधिक बोलकी असते. नोकरीत असलेल्यांनी रजेचे पत्र व ना-हरकत प्रमाणपत्र वेळीच मिळवावे.

व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारीच आरक्षणे करावीत. स्वस्त मिळते म्हणून परतावा नसलेले तिकीट आधी काढणे हा या व्यवहारातील सर्वांत महागडा मोह होय.

परकीय चलन आणि कर

एस्टोनियात १ जानेवारी २०११ पासून युरो हे चलन आहे. भारतीय रहिवाशाला उदारीकृत विप्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी वापरता येते. त्यापैकी रोख चलनी नोटा एका प्रवासासाठी साधारणतः ३,००० डॉलरच्या मोलापर्यंतच मिळतात. एस्टोनियात कार्डाचा वापर सर्रास असल्याने थोडी रोकड आणि उर्वरित रक्कम प्रीपेड परकीय चलन कार्डावर ठेवणे सोयीचे. दुकानातील यंत्राने रुपयांत की युरोत, असे विचारल्यास युरोच निवडावे. रुपयांत व्यवहार केल्यास दर बहुधा महाग पडतो.

सहल कंपनीकडून परदेश सहलीचे पॅकेज घेतल्यास विक्रेता त्यावर उगमस्थानी कर जमा करून घेतो. ही तरतूद १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. दर अनेकदा बदलले असल्याने प्रचलित दर शाखेत विचारून घ्यावा. ही रक्कम बुडत नाही. ती आयकर विवरणपत्रात वळती करता येते किंवा परत मागता येते. परंतु परतावा येईपर्यंत ती अडकून राहते, म्हणून निधीच्या अंदाजात ती धरलीच पाहिजे.

निघण्यापूर्वी

पारपत्र परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सुविधा सुरू करून तिची मर्यादा ठरवावी. एकवेळचा पासवर्ड ज्या क्रमांकावर येतो, तो मोबाइल परदेशात चालेल याची खात्री करावी. तेथील घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. म्हणजे तेथे दुपारचे अडीच वाजतात, तेव्हा येथे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. शाखेशी बोलायचे असेल, तर तेथील सकाळीच बोलावे.

सारांश, आधी निधी, मग रद्द करता येणारी आरक्षणे, नंतर विमा व व्हिसा, त्यानंतर पक्के तिकीट आणि अखेरीस चलन, असा क्रम ठेवावा. विम्याचे शुल्कही व्हिसा न मिळाल्यास परत मिळेल, अशीच पॉलिसी पाहावी. या क्रमाने चालल्यास नकार आला तरी तोटा व्हिसा शुल्क व किरकोळ खर्चापुरता राहतो, आणि होकार आला, तर टाल्लिनच्या तटाखाली उभ्या असलेल्या दांपत्याला घरच्या ठेवीची काळजी करावी लागत नाही.