मिंक व त्याचें प्राणिसंग्रहालयांतील जीवन

मिंक हा पाणमांजराच्या कुळांतील एक लहान मांसाहारी प्राणी होय. येथें आम्ही त्याच्या युरोपीय जातीचा विचार करणार आहों. ह्याचें अंग सडपातळ, रंग गडद तपकिरी व दोन्ही ओंठ पांढरे असतात. केस इतके दाट कीं, पाणी कातडीपर्यंत पोंचत नाहीं. बोटांमध्यें थोडा पडदाही असतो. त्यामुळें ओढ्याकांठीं राहून मासे, बेडूक व उंदीर धरणें त्यास सुलभ जातें.

परंतु ह्या सुंदर केसांनींच त्याचा घात केला. कातड्यासाठीं त्याची शिकार झालीच. शिवाय १९२० नंतर फरीच्या व्यापाराकरितां अमेरिकन मिंक युरोपांत आणून पाळण्यांत आले. त्यांतील कांहीं निसटले, कांहीं मुद्दाम सोडले गेले, आणि ह्या बळकट पाहुण्यांनीं मूळच्या रहिवाशांस हुसकून लाविलें.

एस्टोनिया देशांतील टॅलिन येथील प्राणिसंग्रहालयांत ह्या जातीची पैदास करितात. प्राणी एकांतप्रिय असल्यामुळें प्रत्येकास निराळा पिंजरा असतो. नरमादींची भेट विणीच्या हंगामांतच घडवितात. तथापि बंदिवासांत जन्मलेले कित्येक नर भित्रे, तर कित्येक मादीवर धांवून जाणारे निघतात.

हीयूमा बेटावरील अमेरिकन मिंक आधीं काढून टाकून २००० सालापासून तेथें हे प्राणी सोडण्यांत आले. आरंभीं पुष्कळ इतर श्वापदांच्या तोंडीं पडले. पिंजऱ्यांत शत्रूची ओळख कोठून होणार? तरी जे जगले, त्यांचा वंश त्या बेटावर वाढूं लागला.

यावरून आम्हांस वाटतें कीं, प्राणिसंग्रहालय हें केवळ करमणुकीचें स्थळ नव्हे. ज्याचें दार एके दिवशीं उघडावयाचें आहे, तोच पिंजरा प्राण्याचा खरा आश्रय होय.