माणूस आला नाही तर काम कोण करणार?



उसाला तोड कधी मिळणार, हे आपण महिनाभर आधीपासून विचारता. विचारलेच पाहिजे. परंतु तोडणारा, पाणी पाजणारा किंवा वाहन हाकणारा माणूस एखाद्या दिवशी आला नाही तर काय, हा प्रश्न तो दिवस उजाडेपर्यंत कोणी विचारीत नाही. म्हणून या अंकात रजेच्या नियोजनाविषयी थोडे सांगत आहोत.

प्रथम कारखान्यातला हिशेब पाहू. हंगामात गाळप रात्रंदिवस चालते. एका जागेवर ८ तासांच्या ३ पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या झाल्या. आठवड्याची एक सुट्टी सोडून एक कामगार ६ पाळ्या भरतो. तिघांच्या मिळून १८ होतात. उरलेल्या ३ पाळ्यांसाठी रिलीव्हर आधीच नेमावा लागतो. यात आजारपण अजून धरलेलेच नाही! तेव्हा रिलीव्हर हा जादा माणूस नव्हे, तो हिशेबातलाच माणूस होय.

आता टोळीकडे वळू. टोळी १० कोयत्यांची आहे आणि एका कोयत्याला, म्हणजे जोडीला, दिवसाला दीड टन धरले, तर १५ टन ऊस होतो. ३ कोयते गावी गेले की साडेचार टन कमी. वाहन भरत नाही, अर्धवट भरलेला ट्रेलर रात्रभर फडात उभा राहतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला गेला पाहिजे. उशीर झाला की वजन घटते आणि साखर उताराही घसरतो. वजनाची घट एकट्याच्या बिलात दिसते; उताऱ्याची घट मात्र सगळ्यांना सोसावी लागते, कारण उसाची एफआरपी कारखान्याच्या उताऱ्याशी बांधलेली आहे.

आजारपण सांगून येत नाही, हे खरे. पण संक्रांत, गावची जत्रा, लग्नतिथी आणि मतदान सांगूनच येतात. २०२४ साली विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. ती तारीख १५ ऑक्टोबरलाच जाहीर झाली होती. तोडणी कामगार मतदानाला आपल्या गावी असणार, हे महिनाभर आधी ओळखता येण्यासारखे होते.

शेतावरही तेच. सालगडी ८ दिवस गावी गेला आणि त्याच आठवड्यात रात्रीची लाईट आली, तर मोटार कोण चालू करणार? कोणत्या सऱ्या भिजल्या, कोणता व्हॉल्व्ह फिरवायचा, हे एकट्या गड्याच्या डोक्यात असून चालत नाही.

सबब पुढील गोष्टी कराव्यात :

१) हंगामाच्या सुरुवातीसच मुकादमाकडून सण, जत्रा व घरच्या कार्याच्या तारखा विचारून कॅलेंडरवर लिहाव्यात. आपल्याही लिहाव्यात.

२) प्रत्येक कामाला दुसरा माणूस ठरवावा. नुसते नाव ठरवून भागत नाही. पहिला हजर असतानाच दुसऱ्याकडून ते काम एकदा करवून घ्यावे.

३) सकाळी कोयते मोजावेत. कमी असल्यास स्लिपबॉयला लगेच कळवावे आणि वाहन भरून त्याच दिवशी निघेल एवढाच ऊस तोडावा.

४) शेजारच्या दोन-तीन सभासदांनी पाण्याच्या पाळीपुरता एकमेकांचा गडी देण्याघेण्याचा करार करावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सांगून रजा मागणाऱ्यावर डाफरू नये. घरी बाळंतपण असते, दुखणे असते, मयत असते, माणूस जाणारच. आज त्याला बोल लावला तर पुढच्या खेपेला तो न सांगता जाईल, आणि तुम्हाला कळेल ते सकाळी फडात गेल्यावर. त्याच्या जागी दुसरा तयार असला की त्यालाही निर्धास्तपणे जाता येते आणि तो ठरल्या दिवशी परततो.

आपल्या टोळीच्या रजेच्या तारखा गट ऑफिसात आणून द्याव्यात. तोडणी प्रोग्राम लावताना त्यांचा विचार करता येईल.

— ऊस विकास अधिकारी