डोळा शांत होईपर्यंत

प्रश्न : माझ्या आईचं वय ६२. गेली चार वर्षं तिच्या उजव्या डोळ्याला आतून सूज येते. डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सोसवत नाही. डॉक्टर त्याला ‘युव्हायटिस’ म्हणतात. थेंब घातले की बरं वाटतं, पुन्हा उलटतं. आता त्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला आहे. ऑपरेशन करून टाका म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, “आधी डोळा तीन महिने शांत राहू दे.” शेजारच्या काकूंचं ऑपरेशन आठ दिवसांत झालं. मग आईलाच का थांबवतात? आणि ज्या डोळ्याला मुळातच सूज येते, त्यात प्लॅस्टिकची लेन्स बसवणं धोक्याचं नाही का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलं आहे. काकूंचा मोतीबिंदू बहुधा वयाने आलेला. आईंचा सुजेतून आला आहे, आणि त्याला सुजेवरच्या औषधाचाही हातभार लागला असेल. दुखण्याचं नाव एकच असलं तरी हे दोन डोळे फार निराळे आहेत.

लाल डोळा दिसला की आपल्याकडे ‘डोळे आलेत’ म्हणून मोकळे होतात. डोळे येणं हे वरच्या पातळ पापुद्र्याचं दुखणं. युव्हायटिस आतला. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक काळसर थर असतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो सोललेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसला, म्हणून लॅटिनमधल्या द्राक्षाच्या शब्दावरून त्याला ‘युव्हिया’ म्हणू लागले. त्याला सूज येण्याची कारणं पुष्कळ : क्षय, संधिवाताचे काही प्रकार, विषाणू. अनेकदा कितीही तपासण्या केल्या तरी कारण हाती लागत नाही. १९९४ साली मदुराईत युव्हायटिसचे रुग्ण एकाएकी वाढले. त्याआधी तिथे मोठा पूर येऊन गेला होता, आणि शोध घेतल्यावर कारण निघालं पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार. सांगलीकरांना पुराचं वेगळं सांगायला नको. आई पुराच्या पाण्यात वावरल्या असतील तर ते डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला.

आता ‘शांत’ म्हणजे काय ते बघू. कौलारू घरात दुपारच्या कवडशात धुळीचे कण तरंगताना तुम्ही पाहिले असतील. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायला सांगतात आणि स्लिट लॅम्पमधून जवळजवळ हेच बघतात. बुबुळामागे स्वच्छ पाणी असतं. त्यात १ मिलिमीटर लांब-रुंद प्रकाशाचा झोत सोडला, तर निरोगी डोळ्यात तो कोरा दिसतो. सूज असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यात कणांसारख्या तरंगतात, आणि त्या चक्क मोजायच्या असतात. १ ते ५ दिसल्या तर अर्धी पायरी, ६ ते १५ दिसल्या तर पहिली, ५० च्या वर गेल्या तर चौथी. ही मोजपट्टी वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी एका डॉक्टरची ‘थोडी सूज’ आणि दुसऱ्याची ‘थोडी सूज’ यांचा मेळच बसत नसे. मग कोणतं औषध सरस, हे ठरवायचं तरी कसं?

म्हणून लाली गेली, दुखायचं थांबलं, एवढ्याने डोळा शांत झाला असं समजू नका. कवडसा कोरा हवा, आणि तोही निदान तीन महिने. शस्त्रक्रिया कितीही नाजूक हाताने केली तरी डोळ्याला ती एक जखमच असते. आत सूज धुमसत असताना ती केली, तर सूज भडकते, बाहुलीच्या कडा लेन्सला चिकटतात, लेन्सवर पेशींचा थर बसतो आणि पडद्याच्या मध्यभागी पाणी साचतं. लेन्स अगदी जागच्या जागी बसलेली असूनही दिसत नाही. म्हणूनच अशा रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधीपासून आणि नंतरही काही आठवडे सुजेवरचं औषध वाढवून देतात. हे थांबणं उपचाराचाच भाग आहे. गावात मोफत शिबिर लागलं म्हणून घाई करू नका. आणि गेलातच, तर तिथे युव्हायटिसचं पहिल्या वाक्यात सांगा.

आता लेन्सकडे वळू. प्लॅस्टिक डोळ्याला सोसतं, हे कळलं ते युद्धातल्या जखमेतून. ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या विमानाचं छत फुटलं आणि पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे कपरे त्याच्या डोळ्यांत घुसले. त्याच्यासारख्या वैमानिकांना तपासताना लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की, काचेच्या तुकड्याने पेटतो तसा डोळा या कपऱ्यांनी पेटत नाही. त्यातून त्यांनी पर्स्पेक्सची लेन्स करवून घेतली. नोव्हेंबर १९४९ मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी १९५० मध्ये त्याच रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात लेन्स कायमची बसली.

पुढची गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याची आहे. रिडलींच्या सुरुवातीच्या बऱ्याच रुग्णांच्या डोळ्यांना शस्त्रक्रियेनंतर सूज आली. पदार्थ तोच, कपऱ्यांच्या रूपात डोळ्याने निमूट सोसलेला. मग सूज कशाची? लेन्स निर्जंतुक करायला सेट्रिमाइड नावाचं रसायन वापरत. त्याचा अंश लेन्सला चिकटून राही आणि तो डोळ्यात उतरे. निर्जंतुक करायची पद्धत बदलली, तशी ती सूज कमी झाली. पुढे १९७० च्या दशकात बाहुलीच्या पुढे बसवायच्या काही लेन्सच्या पायांच्या कडा नीट घडवलेल्या नव्हत्या. त्या आत घासत राहिल्या आणि सूज, रक्तस्राव व डोळ्यातला वाढलेला दाब असं तिहेरी दुखणं रुग्णांच्या वाट्याला आलं. अमेरिकेत लेन्सच्या चाचण्यांवर सरकारी देखरेख आली ती याच दशकाच्या अखेरीस. भारतात २००५ मध्ये डोळ्यात बसवायच्या लेन्स औषध कायद्याखाली आल्या. मला हा इतिहास फार महत्त्वाचा वाटतो. लेन्स सुरक्षित आहे का, या प्रश्नात पदार्थाइतकीच तिची धार, तिची धुलाई आणि ती डोळ्यात कुठे बसते हेही येतं.

आज युव्हायटिसच्या डोळ्यात शक्यतो मऊ ॲक्रिलिकची लेन्स, मूळ भिंगाच्या पिशवीतच बसवतात, म्हणजे ती बाहुलीच्या मागच्या बाजूला घासत नाही. शांत ठेवलेल्या प्रौढ डोळ्यात अशी लेन्स बसवणं आता नेहमीचं झालं आहे. संधिवाताबरोबर युव्हायटिस असलेल्या लहान मुलांच्या बाबतीत मात्र डॉक्टर अजूनही फार जपून पावलं टाकतात.

जंतुसंसर्ग हा वेगळा धोका, आणि त्यावर मोठं काम आपल्याच देशात झालं आहे. तमिळनाडूच्या अरविंद नेत्र रुग्णालयांनी सुमारे ६ लाख शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ मध्ये मांडला. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची छोटी मात्रा सोडली, तेव्हा संसर्गाचं प्रमाण दर १० हजारांत ७ वरून २ वर आलं. प्रत्येक डोळ्याची नोंद ठेवली नसती तर हा फरक कोणाच्या नजरेला आला असता?

सूज पुन्हा पुन्हा उलटते, म्हणून आईंना मेथोट्रेक्झेटसारखी गोळी सुचवली जाऊ शकते. नावाने घाबरू नका. भारतासह पाच देशांतल्या २१६ रुग्णांवर ती आणि मायकोफेनोलेट हे दुसरं औषध यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. महागडं मायकोफेनोलेट मेथोट्रेक्झेटपेक्षा सरस ठरलं नाही. महिन्याच्या औषधाचा खर्च मोजणाऱ्या घराला ही मोठीच बातमी. रक्ताच्या तपासण्या मात्र ठरल्या वेळी व्हायलाच हव्यात. दुसरी एक चाचणी २५५ रुग्णांची. डोळ्यात बसवायचं स्टेरॉईडचं रोपण विरुद्ध पोटातून घ्यायची औषधं. दोन वर्षांनी दृष्टीत फारसा फरक नव्हता. सात वर्षांनी पाहिलं तर पोटातून औषध घेणाऱ्यांची नजर अधिक टिकली होती. संशोधक दोन वर्षांवर थांबले असते, तर निष्कर्ष वेगळाच निघाला असता.

प्रश्न : स्टेरॉईडच्या थेंबांनीच मोतीबिंदू झाला असेल, तर ते आजपासून बंद करावेत का?

उत्तर : नाही, मुळीच नाही. या थेंबांनी मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतो, हे खरं. पण ते एकदम तोडले तर सूज दुप्पट जोराने परतते आणि तीन महिन्यांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. डॉक्टर चारवरून तीन, तीनवरून दोन असे उतरवतील तसेच उतरवा. डोळ्याचा दाब प्रत्येक भेटीत मोजून घ्या. उलट, जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर बाटली आणणंही नको.

शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा आदल्या दिवशीपेक्षा कमी दिसू लागलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि लेन्सच्या डबीवरचा स्टिकर, ज्यावर तिचं मॉडेल आणि क्रमांक असतो, तो मागून घेऊन आईंच्या कागदांत चिकटवा. उद्या एखाद्या लेन्समध्ये दोष निघालाच, तर ती कोणाच्या डोळ्यात आहे हे त्या क्रमांकावरूनच कळेल.